तापी डावीकडे वळते

बी.एड.च्या टाचणवहीइतकं आज्ञाधारक जग दुसरं नसेल. एका रकान्यात शिक्षककृती, शेजारी विद्यार्थीकृती. शिक्षक प्रश्न विचारतात, विद्यार्थी अपेक्षित उत्तर देतात. मग हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, स्वाध्याय. त्या वहीतलं एकही पोर आजवर मधेच पाणी प्यायला गेलेलं नाही.

आता या वहीत रोबो शिरलाय. २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, सेन्सर आले, मोटारी आल्या. त्यांचं तासाला करायचं काय, ते ठरवणारी माणसं मात्र घडवायची राहिली होती. जळगावातल्या एका कार्यशाळेत त्यासाठी निरनिराळ्या शाखांची पोरं एका टेबलाशी बसवली होती. भौतिकशास्त्राचा एक, भूगोलाची एक, मराठीची एक आणि धुळ्याहून आलेला कॉमर्सचा एक. इयत्ता सहावी, घटक तापी नदी.

पांढऱ्या पुठ्ठ्यांवर काळी टेप चिकटवून नदी झाली. मुलताईपासून सुरतेपर्यंतचे ७२४ किलोमीटर चार पुठ्ठ्यांत मावले. रोबो म्हणजे एक छोटी गाडी; तिच्या पोटाशी दोन सेन्सर, टेपच्या दोन बाजूंना. पांढऱ्यावरून अवरक्त किरण परत येतात, काळ्यात मुरतात; एवढ्यावरच तिला नदी कळते. टेप थोडी, म्हणून उपनद्या दोनच घ्यायचं ठरलं. गिरणा एकमतानं. पांझरा वगळली असती तर धुळेकर जेवला नसता.

पहिलं विघ्न उन्हाचं. एप्रिलातलं खान्देशी ऊन खिडकीतून पुठ्ठ्यावर आलं, आणि उन्हातही अवरक्त किरण असतातच, सेन्सर गांगरले. गाडी भुसावळच्या अलीकडेच गरगरायला लागली. (उन्हानं डोकं फिरणं आमच्याकडे यंत्रालाही माफ आहे.) खिडकीला चादर बांधली.

मग सहावीची मुलं आली. गाडी पूर्वेकडून पश्चिमेकडे झोकात निघाली. गिरणेच्या संगमाशी डाव्या सेन्सरखाली काळं आलं आणि ती वळली डावीकडे! भडगाव, मालेगाव करत थेट कळवणच्या डोंगराकडे. भौतिकशास्त्रवाल्यानं घाईघाईनं लॅपटॉप उघडला. तेवढ्यात पुठ्ठ्याशी उकिडवं बसलेलं एक पोरगं म्हणालं, ‘‘सर, पानी वर कसं चढनं?’’

टाचणात हा प्रश्न नव्हता. उत्तर अर्थातच नव्हतं. पण उतार, संगम, उपनदी कुणाला म्हणायचं, सगळा घटक त्या पोराच्या तोंडून आपसूक सुरू झाला होता. दुसरं लगेच म्हणालं, गाडीला डोंगर दिसत नाही ना, म्हणून.

मुलं गेल्यावर टेबलाशी भांडण जुंपलं. मधे तिसरा सेन्सर लावला की प्रश्नच मिटतो, असं भौतिकशास्त्राचं म्हणणं. प्रश्न मिटतो म्हणूनच लावू नकोस, असं मराठीवालीचं. सिमोर पेपर्टनं फरशीवर चालणारं कासव मुलांच्या हाती दिलं, त्यावर १९८० मध्ये ‘माइंडस्टॉर्म्स’ लिहिलं, तेव्हा कासवाच्या चुका शोधण्यातच त्याला शिक्षण दिसत होतं. मराठीवालीनं पेपर्ट वाचलेला नव्हता. तिनं त्या पोराचा चेहरा पाहिला होता, आणि माझं मत तिच्या बाजूनं पडलं. भूगोलवाली म्हणाली, आधी चुकू दे, दुसऱ्या फेरीला मुलांनाच सेन्सर लावू दे.

तोडगा सगळ्यांना पटला. हरकत फक्त धुळेकराची होती. पहिल्या फेरीत गाडी गिरणेतच गेली, तर पांझरेपर्यंत पोचणार कधी? तास पस्तीस मिनिटांचाच असतो.