विशेषण नीट बसवण्याची रीत (जळगाव-धुळे परिसरासाठी)

जळगावात किंवा धुळ्यात हॉटेल, डेअरी, गेला बाजार एखादी भरीत पार्टी काढायची असेल, तर सर्वांत आधी पाटी रंगवून घ्यावी. आचारी नंतरही मिळतो. पाटीचे पथ्य एकच: विशेषण ज्याचे, त्याच्याच शेजारी बसवावे. लग्नाच्या पंगतीत जावयाला भलत्याच्या शेजारी बसवल्यावर जे होते, तेच वाक्यातही होते.

भरताचेच घ्या. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात, हे गावाला ठाऊक आहे. पण आमंत्रणात ‘कपाशीच्या काड्यांवर भाजून पाहुण्यांना भरीत वाढण्यात येईल’ असे छापले, तर पुण्याचे पाहुणे येतील कशाला? ‘काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत पाहुण्यांना वाढण्यात येईल’ असे लिहा, भाऊ. ‘भाजलेल्या’ वांग्यांना धरून राहते. ‘भाजून’ला कोणीही चालतो.

बहिणाबाईंवर भाषण ठोकणाऱ्यांनी तर फारच जपावे. ‘निरक्षर असूनही बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून घेतली.’ टाळ्या पडतात. पण सोपानदेव स्वतः कवी, आईची गाणी १९५२ साली पुस्तकात आली ती त्यांनी जपून ठेवली म्हणून, आणि वाक्याने त्यांनाच अंगठेबहाद्दर करून टाकले.

‘फक्त’ हा शब्दही भटक्या. ‘फक्त रविवारी भरीत मिळेल’ म्हणजे सोमवारी येऊ नका. ‘रविवारी फक्त भरीत मिळेल’ म्हणजे शेवभाजीवाल्यांनी त्या दिवशी उपास करावा. खात्री नसेल तर ‘च’ वापरावा. तो ज्याला चिकटला त्याला सोडत नाही.

तशी मराठी बरीच सांभाळून घेते. आकारान्त विशेषण नामाबरोबर रूप बदलते, म्हणून ‘मोठ्या भावाचे हॉटेल’ आणि ‘भावाचे मोठे हॉटेल’ यांवरून निदान व्याकरणाच्या कोर्टात तरी भांडण लागत नाही. बिचाऱ्या इंग्रजीत विशेषण असे वाकत नाही, सगळी भिस्त जागेवर. पण आपल्याकडेही शुद्ध, अस्सल, गरम, प्रसिद्ध ही मंडळी ताठच. कोणाच्याही पुढे उभी करा, वाकणार नाहीत. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली निघाले. ते पाटी रंगवणाऱ्याच्या दुकानापर्यंत अजून पोचायचे आहे.

एका धंद्याला मात्र हे सगळे नियम माफ. डब्यात वनस्पती मिसळलेली असेल, तर पाटीवर ‘शुद्ध गाईचे तूप’ हेच लिहावे. गाय शुद्धच असते, तपासणीला कोणीही येवो. ‘गाईचे शुद्ध तूप’ लिहिणारा एक तर प्रामाणिक असतो किंवा नवखा. तेव्हा गिऱ्हाइकांनो, ‘शुद्ध’ कोणाला चिकटून बसले आहे ते आधी वाचा आणि मगच खिशात हात घाला.