कन्फर्म हाय न्हवं? : कोल्हापुरातून रेल्वेनं निघणाऱ्या नवशिक्यांसाठी

मुंबईत कुणाचं लग्न निघालं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायचं ठरलं, की पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर खाली उतरवा. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी खुलं व्हायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. हे 'धरत नाहीत' घरात एकालाच माहीत असतं आणि त्याचं कुणी ऐकत नाही. साठ दिवस बोटांवर मोजू नका. मोजलेच, तर पुन्हा दुसऱ्याकडून मोजून घ्या.

सकाळी आठला आरक्षण सुरू होतं. मोबाइलवरून काढणार असाल तर खातं आधारशी जोडून ठेवा, प्रवाशांची नावं-वयं आदल्या रात्रीच भरा. वय ओळखपत्रावरचंच लिहा. एकट्यादुकट्यानं जाणाऱ्या, पंचेचाळिशी गाठलेल्या बायकांना आणि साठी गाठलेल्या पुरुषांना खालचा बर्थ देताना रेल्वे झुकतं माप देते. हे कळलं की एरवी चाळिशीतच मुक्काम ठोकलेल्या मावशी आपणहून आधार कार्ड काढून देतात. भाड्यात सूट मात्र मागू नका. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली ती गेलीच.

आता वेटिंग. इथं कोल्हापूरकराला जन्मजात फायदा आहे. गाडी इथनंच सुटते! छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे शेवटचं स्टेशन. पुढं रूळच नाहीत (वैभववाडीची लाइन होणार, होणार हे ऐकत एक पिढी पेन्शनीत गेली). सुरुवातीच्या स्टेशनातून पूर्ण अंतराचं तिकीट काढणाऱ्याला सहसा जीएनडब्ल्यूएल, म्हणजे सर्वसाधारण वेटिंग मिळतं आणि ते सगळ्यांत भराभर सरकतं. मधल्या स्टेशनावरच्या माणसाच्या नशिबी बरेचदा पीक्यूडब्ल्यूएल, म्हणजे सामाईक कोट्याचं वेटिंग येतं, ते जागचं हलत नाही. म्हणून पाव्हणा वाटेवरच्या गावचा असला तरी जाणती माणसं तिकीट कोल्हापूरपासून काढतात आणि 'बोर्डिंग' त्याच्या गावचं टाकतात. चार पैसे जास्त जातात, पण नंबर लवकर लागतो.

वेटिंग १४ वर आहे हे एकदा घरात कळलं की ते तुमचं राहत नाही. डोंबिवलीच्या आत्या सकाळ-संध्याकाळ फोन करतात. "कन्फर्म हाय न्हवं?" "न्हाई, अकरावर आलंय." "मग हुतंय की. आमच्या ह्यांच्या ओळखीचा एक हाय रेल्वेत." हा ओळखीचा माणूस प्रत्येक कुटुंबाला एक दिलेला असतो, तो कुणी पाहिलेला नसतो. त्यापेक्षा खासदारांच्या ऑफिसातलं इमर्जन्सी कोट्याचं पत्र बरं. निदान त्याला शिक्का असतो.

आरएसी, म्हणजे अर्धा बर्थ आला तर नाराज होऊ नका. साइड लोअरवर दोघांनी समोरासमोर बसायचं. पुण्यापर्यंत दुसऱ्याच्या भाच्याचं स्थळ तुमच्या पुतणीसाठी आलेलं असतं.

तात्काळ आदल्या दिवशी निघतं, एसीचं दहाला, बाकीचं अकराला. पण आदला दिवस गाडी जिथून सुटते तिथला. कोल्हापुरातून निघताना हा प्रश्न येत नाही. परत येताना मात्र पुण्यातून पहाटे गोंदियाची महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडणार असाल, तर ती आदल्या सकाळीच विदर्भातून निघालेली असते. म्हणजे १२ तारखेच्या पहाटेचं तात्काळ १० तारखेला खुलं होतं. अकरा तारखेला मोबाइल घेऊन बसलेला माणूस नेटला शिव्या घालतो. नेटचा काही दोष नसतो. आणि कन्फर्म झालेलं तात्काळ रद्द केलं तर परतावा शून्य, तेव्हा लग्न खरंच आहे ना, एकदा विचारून घ्या.

जर्मनीतल्या मुलाकडं निघालेल्या आई-वडिलांसाठी थोडं वेगळं. तिथं तिकीट निराळं, जागेचं आरक्षण निराळं. नुसत्या तिकिटावर गाडीत चढता येतं, बसायला मिळेल याची हमी नाही, म्हणजे आपला जनरल डबाच, फक्त स्वच्छ. आरक्षित जागेवर पंधरा मिनिटांत बसला नाहीत तर हक्क गेला. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या आपल्या रुमालाची मुदत याहून जास्त असते. फ्रान्सच्या टीजीव्हीला आरक्षण सक्तीचं, स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत तिकीट काढा आणि बसा. तिथल्या माणसाला आत्याचे फोन येत नसावेत.

आता परत आपल्या गाडीत. बर्थ नंबर हाती आला की आठानं भागा. बाकी एक किंवा चार उरली तर खालचा, सात तर साइड लोअर, शून्य तर साइड अप्पर आणि आयुष्यभराचे टोमणे. हे स्लीपर आणि थ्री-टायर एसीपुरतं. मधला बर्थ रात्री दहा ते सहाच उघडायचा, त्याआधी खालचे काका झोपायला लागले तरी नाही.

चार्ट लागल्यावर वेटिंगचं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे खात्यावर येतात. खिडकीवरचं होत नाही. गाडी सुटायच्या अर्धा तास आधीपर्यंत ते रद्द करून घ्यावं लागतं. ते करा, बॅग उचला, रिक्षानं तावडे हॉटेलचा बसथांबा गाठा आणि ट्रॅव्हल्सवाल्याला विचारा, "मुंबई हाय काय?" हाय. तिथं कायम हाय. फक्त लास्ट सीट हाय.