बिघडवण्याची सोय

घरात नवीन वस्तू आली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘हात लावू नकोस, बिघडेल.’ रेडिओपासून मोबाईलपर्यंत हेच ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. त्यामुळे खास बिघडवण्यासाठीच केलेली जागा असते, यावर आधी विश्वासच बसेना.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तिचं नाव ‘व्हेन्व्ह’. २०१२ साली आलेल्या ३.३ आवृत्तीपासून ती भाषेबरोबरच मिळते. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की फोल्डर तयार होतो आणि त्यात पायथॉनचा वेगळा संसार थाटला जातो. हव्या त्या लायब्ररी आणा, त्यांना आपसात भांडू द्या आणि वैताग आला की फोल्डरच डिलीट करा. बाकी कॉम्प्युटरला पत्ताही लागत नाही.

हे न करता तक्त्यांतली माहिती हाताळणारी पँडाज ही लायब्ररी सरळ इन्स्टॉल करायला गेलं, तर डेबियन १२ सारख्या लिनक्सवर लायब्ररी आणून देणारं पिप चक्क नकार देतं. कारणही रास्त आहे. त्या सिस्टीमची स्वतःची कितीतरी कामं पायथॉनवरच चालतात. तुम्ही हौसेनं एखादी लायब्ररी बदलायची आणि उद्या सिस्टीमचीच अवजारं रुसायची! तरीही हट्ट असेलच, तर कमांडला एक पर्याय जोडता येतो. त्याचं नाव ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’. इतकं प्रांजळ नाव मी दुसऱ्या कुठल्या पर्यायाचं पाहिलेलं नाही. विमा कंपन्यांनी ही शैली उचलायला हरकत नाही.

शहाण्यासारखा फोल्डर केला, तरी पँडाज एकटं येत नाही. त्याच्याबरोबर आकडेमोडीचं नमपाय येतं, तारखांचा अर्थ लावणारी एक लायब्ररी येते आणि तिच्या मागोमाग ‘सिक्स’ येते. पायथॉन २ आणि पायथॉन ३ या दोन भावांचं जमेना, म्हणून समेट घडवायला आलेली ही लायब्ररी. दोन त्रिक सहा, असा नावाचा हिशेब. २०२० मध्ये थोरल्याला निरोप दिला गेला. मध्यस्थ मात्र अजून पंगतीला बसतोय.

मग पायथॉनच्या ओळी चालवून बघायचं ज्युपिटर नोटबुक उघडायचं. चौकोनात ओळ लिहायची, शिफ्ट-एंटर दाबायचं, डावीकडच्या कंसात तारा उमटतो. तो जाऊन आकडा येईपर्यंत माणूस उगाचच श्वास रोखतो. आकड्याबरोबर लाल अक्षरांत निरोप येतो : पँडाज नावाचं मॉड्यूल सापडत नाही. आत्ताच तर इन्स्टॉल झालं! झालं, पण एका पायथॉनमध्ये. नोटबुक चालतंय दुसऱ्यावरच. अशा वेळी नोटबुकातच ‘पिप इन्स्टॉल’च्या आधी टक्क्याचं चिन्ह लावावं, म्हणजे सामान योग्य पत्त्यावर पोचतं. हे टक्क्याचं चिन्ह शिकवणीच्या पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

ज्युपिटरची स्मरणशक्ती हा आणखी एक प्रकार. ओळ खोडली तरी तिनं ठरवलेली किंमत कर्नलच्या, म्हणजे मागे बसून ओळी चालवणाऱ्याच्या, डोक्यात तशीच राहते. तुम्ही ती विसरून पुढे जाता, तो विसरत नाही. शेवटी त्याला रीस्टार्ट करून सगळं वरपासून चालवावं लागतं, आणि तेव्हा कळतं की मघाशी आलेलं अचूक उत्तर त्या खोडलेल्या ओळीच्या पुण्याईवर उभं होतं.

आता फोल्डर टाकून द्यायला काहीच हरकत नसते. ‘पिप फ्रीझ’ केलं की लायब्ररींची आवृत्त्यांसकट यादी मिळते, तिच्यावरून पुन्हा सगळं उभं करता येतं. पण टाकवत नाही. ‘टेस्ट’, ‘टेस्ट नवीन’, ‘टेस्ट नवीन फायनल’ अशी रांग लागते, प्रत्येकात नमपायची वेगळी प्रत. डिस्क भरत आली की मी फोटो कुठले काढता येतील ते बघतो.