चौतीसची पँट

शुगर, बीपी आणि पन्नाशीनंतरची तब्येत यांवरच्या सामूहिक वर्गाला शिकल्यासवरल्या माणसाने जाऊ नये, असं माझं मत फार दिवस ठाम होतं. तिथे सांगतात ते मला तोंडपाठ आहे. तर्रीपोह्यांची दुसरी प्लेट संपवता संपवता मी ते शेजारच्याला समजावूनही देतो. पण माहितीनेच शुगर उतरत असती तर माझी एव्हाना शून्यावर आली असती. तेव्हा वर्ग हवाच, फक्त तो शिकवण्याचा नको, एकमेकांना हिशेब देण्याचा हवा, एवढंच मला मांडायचं आहे.

तिशी ओलांडलेल्यांसाठी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडे एक पत्रक असतं. तंबाखू, दारू, घरातले आजार, आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम आणि कमरेचा घेर, प्रत्येकाला गुण. बेरीज 4 च्या वर गेली की तपासणीला नंबर आधी. जास्त गुण मिळवून गोत्यात येण्याची अशी परीक्षा दुसरी नसेल. पुरुषाला 90 सेंटिमीटरपर्यंत शून्य गुण, बाईला 80 पर्यंत. इथे पँटबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. माझी पँट चौतीसची आहे, म्हणजे 86 सेंटिमीटर, म्हणजे शून्य गुण. कॉलेजातही ती चौतीसचीच होती. पुरुषाचं पोट वाढलं की पँटचा नंबर वाढत नाही, पँट खाली सरकते. पट्टा पोटाखाली एक शांत जागा शोधतो, पोट त्याच्यावर ओसरीसारखं पुढे येतं आणि मालक चारचौघांत सांगतो, ‘‘आपला नंबर अजून तोच!’’ आशाताईंचा टेप मात्र पट्ट्याच्या वाटेला जातच नाही. तो शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लागतो, आणि तोही श्वास सोडल्यावर. श्वास रोखून पोट आत घेण्याची आमची आयुष्यभराची साधना त्या एका अटीपायी फुकट जाते.

डॉक्टरांना फसवणं सोपं, त्यांच्या दाराशी रांग असते. आलूबोंड्याच्या गाडीवर आपल्याला पाहिलेल्या शेजाऱ्याला फसवणं अवघड. बोस्टनच्या डॉ. जोसेफ प्रॅट यांनी 1905 मध्ये गरीब क्षयरोग्यांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला, तेव्हा प्रत्येकाला रोजची वही लिहून आणावी लागे. स्टॅनफर्डच्या केट लोरिग यांच्या अभ्यासक्रमात 6 आठवडे, दर आठवड्याला अडीच तास लोक जमतात. चालवणारे बहुधा स्वतःच आजार सांभाळणारे असतात. ‘या आठवड्यात मी काय करीन’ हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि पुढच्या वेळी काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं. यावर कोणी केरळकडे बोट दाखवील. तिथे 1,007 लोकांवर असाच प्रयोग झाला, 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले, आणि 2 वर्षांत मधुमेहाचं प्रमाण म्हणावं तसं घटलेलं दिसलं नाही. खरं आहे. पण दारू कमी झाली, ताटात भाजी-फळं वाढली. 2 वर्षांत एवढं साधणारं भाषण मी तरी ऐकलेलं नाही. दुसरा आक्षेप असा, की चार रोगी जमले की गोळी सोडून कारल्याच्या रसावर येतील. म्हणून तर गटप्रमुखाला आधी प्रशिक्षण हवं आणि आरोग्य उपकेंद्राची माणसं पाठीशी हवीत.

मला खरी चीड आहे ती आरोग्याच्या सल्ल्यांमधल्या दोन ओळींची: ‘रोज चाला’ आणि ‘ताण घेऊ नका.’ दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला चालायला सांगायचं? आणि ताणाबद्दल सांगायचं तेही यवतमाळात, जिथे शेतकऱ्यांच्या मनाचा भार हलका करायला सरकारला 2015 मध्ये प्रेरणा प्रकल्प आणावा लागला? वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे उपकेंद्रात गेलेला दिवस तिच्या मजुरीतून जातो. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे लागले म्हणून बीपीची गोळी बंद झाली, हे ती साहेबांना सांगणार नाही, तिच्याच तासाला वेचणाऱ्या बाईला सांगेल. ते ऐकल्यावर वर्गाची वेळ बदलेल, कदाचित सल्लाही बदलेल.

तेव्हा वर्ग वेचणी उलगल्यावर भरवावा आणि तो तिच्यासारखीनेच चालवावा. आम्हा शिकल्यासवरल्यांनाही घ्यावं, पण एका अटीवर: पहिले 6 आठवडे कोणाला सल्ला द्यायचा नाही. अभ्यासक्रम 6 आठवड्यांचाच आहे, हे मात्र आम्हाला आधी सांगू नये.