तात्या विंचूचा सीमाप्रश्न

खानापूर महाराष्ट्राला द्यावं आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावं, अशी शिफारस महाजन आयोगाने १९६७ साली केली. महाराष्ट्राला ती पटली नाही आणि खानापूर होतं तिथेच राहिलं. तेव्हापासून या तालुक्यातल्या माणसाचा निकालावर फारसा विश्वास नाही. वादावरची श्रद्धा मात्र अढळ आहे.

सध्या चहाच्या टपऱ्यांवर जो वाद पेटला आहे, त्यात भाषा नाही, पाणी नाही, ग्रामपंचायत तर अजिबात नाही. प्रश्न असा, की महेश कोठारे यांचा सर्वांत चांगला सिनेमा कोणता आणि सर्वांत कच्चा कोणता? एका बाजूला निवृत्त मास्तर, दुसऱ्या बाजूला कौलभट्टीवरचे मुकादम, आणि मध्ये मोबाइलवर यादी उघडून बसलेला कॉलेजचा पोरगा. त्याच्या जन्माआधीच ‘झपाटलेला’ची व्हीसीआर कॅसेट झिजून गेली होती. तरी त्यातल्या तात्या विंचू या बाहुल्याचे संवाद त्यालाच जास्त पाठ.

मास्तरांचं मत ‘धुमधडाका’ला. १९८५चा हा सिनेमा आणि त्यातला अशोक सराफांचा तो खोकला यांच्यापुढे बाकी सगळं फिकं, असं ते म्हणाले. मुकादम लगेच उसळले, “कॉपी आहे की ओ ती!”

आरोप खराच आहे, पण खानापुरात तो टिकत नाही. ही गोष्ट निघाली मद्रासहून. १९६४ साली श्रीधर यांनी ‘काधलिक्क नेरमिल्लै’ काढला. १९६६ला ती हिंदीत ‘प्यार किये जा’ झाली, १९७९ला कन्नडमध्ये ‘प्रीती माडू तमाशे नोडू’ आणि मग मराठीत ‘धुमधडाका’. सिनेमाचं वेड लागलेला मुलगा बापाला भुताची गोष्ट सांगतो आणि बापाची बोबडी वळते, तो प्रसंग तमिळमध्ये नागेश आणि बालय्या यांनी रंगवला, हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश यांनी, मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे ऊर्फ लक्ष्या आणि शरद तळवलकर यांनी. पुण्याचा समीक्षक फार तर दोन आवृत्त्या ताडून बघतो. खानापूरकराने कन्नड वाहिनीवर शंकर नाग आणि द्वारकीश यांची आवृत्तीही दुपारच्या जेवणाबरोबर बघितलेली असते. एकच गोष्ट इतक्या भाषांत फिरली, आणि तिच्या कुठल्याही मुक्कामी आयोग नेमावा लागला नाही. तळवलकरांचा घाबरलेला चेहरा ओमप्रकाशांच्या तोडीचा आहे की नाही, एवढाच मुद्दा उरतो. तोडीचा आहे.

‘दे दणादण’चं (१९८७) नाव पोरग्याने काढलं आणि सभा थोडी अवघडली. टेरेन्स हिलच्या ‘सुपर फझ’ या इटालियन सिनेमावरून बेतलेल्या या गोष्टीत लक्ष्याला अचाट शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. आता ज्या गावात एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, एकीकडे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडे काळ्या फिती, तिथे या लक्ष्याने दिवस कसा काढावा? मुकादमांनी सिनेमा चांगला असल्याचं मान्य केलं आणि विषय बदलला. ‘थरथराट’ही असाच वरच्यावर उरकला. ‘धडाकेबाज’ला (१९९०) मराठीतला पहिला सिनेमास्कोप म्हणून जादा गुण मिळाले. पडदा रुंद झाला म्हणून गोष्ट रुंदावली नाही, ही मास्तरांची तक्रार चहाच्या दुसऱ्या फेरीत बुडाली.

शेवटी सगळे येऊन थांबले ते ‘झपाटलेला’पाशी. १९९३चा सिनेमा. मूळ १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’चं. पोलिसाची गोळी लागलेला गुन्हेगार मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो आणि गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्याच शरीरात त्याला जायचं असतं. सांगाडा तिकडचाच. पण अमेरिकेत ते गुपित कळतं सहा वर्षांच्या पोराला, आणि पोर लहान म्हणून त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. कोठारेंनी पोराच्या जागी लक्ष्या ठेवला. आता माणूस चांगला घोड्याएवढा झालाय, तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण तो लक्ष्या आहे! या एका बदलाने भयपटाचा फार्स झाला आणि भीतीही शाबूत राहिली. वर दिलीप प्रभावळकरांचा आवाज, रामदास पाध्ये यांचा बाहुला, मधू कांबीकरांची आई आणि खुद्द कोठारेंचा ‘डॅम इट’ म्हणणारा इन्स्पेक्टर. हिंदीत तो ‘खिलौना बना खलनायक’ नावाने गेला. म्हणजे बाहुला मराठीत झपाटून हिंदी मुलखात घुसला. सीमाभागाला या गोष्टीचं समाधान वाटलं नाही तरच नवल.

खरी पंचाईत झाली ती कच्च्या सिनेमाच्या निवडणुकीत. सर्वांत वाईट सिनेमाला मत द्यायचं, तर तो आपण शेवटपर्यंत बघितला हे चारचौघांत कबूल करावं लागतं. ‘शुभमंगल सावधान’, ‘जबरदस्त’, ‘दुभंग’ अशी नावं पोरगा वाचत गेला आणि मंडळी एकेक करून उपरणं झटकू लागली. “पाव्हण्याच्यात टीव्ही चालू होता, जाता-जाता दिसला,” एवढीच साक्ष मिळाली. हिंदी ‘मासूम’ (१९९६) आपल्याच ‘माझा छकुला’चा अवतार; पण छोट्या आदित्य नारायणने गायलेलं गाणं सगळ्यांना ठाऊक, सिनेमा कुणालाच नाही, म्हणून तो अधिकारक्षेत्राबाहेर ठरला. कोठारेंची ‘जय मल्हार’ मालिका कच्ची म्हणावी का, असं एकाने विचारताच दोन बायका भाजीची पिशवी खाली ठेवून थांबल्या. प्रश्न मागे घेण्यात आला.

मुकादमांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात न्यावं असं सुचवलं. तिथे सीमेचा दावा २००४पासून पडून आहे, तोवर तात्या विंचूच म्हातारा होईल, असं मास्तरांचं म्हणणं पडलं.

तेव्हा निकाल या सदरालाच द्यावा लागतो. सर्वोत्तम ‘झपाटलेला’. ‘धुमधडाका’ हसवण्यात सरस असेल, पण त्याला थोरले भाऊ आहेत; लक्ष्या आणि बाहुला ही जोडी कुणाकडून उसनी आणलेली नाही.

सर्वांत कच्चा मात्र ‘जबरदस्त’ नव्हे, ‘झपाटलेला २’. २०१३च्या जूनमध्ये आलेला, थ्रीडीचा, चष्मा लावून बघायचा. पडलेल्या सिनेमाला कच्चा म्हणण्यात काही मर्दुमकी नाही. ज्याच्या हातात सगळं आयतं होतं, त्याचा हिशेब कडक घ्यावा लागतो. इथे आवाज तोच, बाहुला तोच, इन्स्पेक्टर तोच. पण १६ डिसेंबर २००४ला बेर्डे गेले, आणि बाहुल्याला घाबरायला माणूसच उरला नाही. लक्ष्याचा मुलगा म्हणून आदिनाथ कोठारे आला, देखणा आणि धीट. धीट माणसामागे लागलेला बाहुला हा निव्वळ बाहुला. थ्रीडीत तो अंगावर येतो, पण अंगावर येणं आणि झपाटणं यांत फरक आहे.

ज्यांना हा निकाल मान्य नाही, त्यांनी आधी ‘जबरदस्त’ शेवटपर्यंत बघावा, बघितल्याचं दोन साक्षीदारांसमोर कबूल करावं आणि मगच हरकत नोंदवायला यावं.