दीडपट वेगाचा विद्यार्थी

पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर यांचे नाव धारण करणाऱ्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, ग्रंथालयाकडे पाठ करून आणि मोबाइलमध्ये मान घालून बसलेला जो तरुण दृष्टीस पडतो, त्याच्याविषयी कोणी गैरसमज करून घेऊ नये. तो खरोखरच अभ्यास करीत असतो, निदान अभ्यासाची पूर्वतयारी तरी करीत असतोच. शिकण्याच्या ॲपांना जागा व्हावी म्हणून त्याने सख्ख्या बहिणीच्या लग्नाचे फोटोदेखील बेमुर्वतपणे खोडून टाकले आहेत.

व्याख्याने तो दीडपट वेगाने ऐकतो, आणि या सवयीमुळे वर्गात समोर उभे राहून मनुष्यमात्राच्या गतीने बोलणारे सर त्याला आजारी वाटू लागतात. सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवरील एनपीटीईएलच्या १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास त्याने नाव घातले ते क्रेडिटसाठी. विषयाचे नाव विचारल्यास तो मोबाइल उघडून सांगतो. मात्र १२ स्वाध्यायांपैकी उत्तम ८ च हिशेबात धरतात आणि त्यांचे वजन १०० पैकी २५, ही कलमे त्याला मुखोद्गत आहेत, व ४ स्वाध्याय बुडविण्याची सरकारमान्य मुभा वाया घालविणे त्याच्या तत्त्वांत बसत नाही. उरलेल्या ८ ची उत्तरे मुदत संपण्याच्या घटकाभर आधी टेलिग्रामवर प्रकट होतात; ती कोण धाडतो, याची चौकशी करण्याचा कृतघ्नपणा कोणी करीत नाही.

जर्मनही तो शिकतो. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती भाषा शिकविणारी हाडामांसाची माणसे आहेत, परंतु त्याला धाक आहे तो ड्युओलिंगो ॲपच्या हिरव्या घुबडाचा. रोजच्या सरावाची स्ट्रीक तुटू नये म्हणून, मामेभावाच्या लग्नात मंगलाष्टके चालू असता, एका मुठीत अक्षता आवळून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने 'मुलगा सफरचंद खातो' या वाक्याचे जर्मन जुळविताना मी त्याला प्रत्यक्ष पाहिले आहे. 'सावधान' कानी पडताच अक्षता मात्र त्याने वेळेवर टाकल्या, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

परीक्षा जवळ आली की हाच गृहस्थ निमूटपणे अप्पा बळवंत चौकात जाऊन गाईड आणतो, त्याच्या पानन् पानाचे फोटो काढून पीडीएफ करतो आणि मूळ प्रत ज्युनिअरला अर्ध्या किमतीस विकून टाकतो.

ज्यांच्या घरी असा विद्यार्थी असेल त्या पालकांनी संतापाच्या भरात त्याचा मोबाइल जप्त करू नये, अशी विनंती आहे. हॉलतिकीट त्यातच असते.