सिमरोल येथील मंदपाक: वराहमांस, फळे आणि झाकण

इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माळव्याचे पठार संपून विंध्याचा उतार सुरू होण्याच्या बेतात असताना लागणारे सिमरोल हे गाव पाकशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. तेथे जे शिजते ते दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि भाजलेले कणकेचे गोळे, असल्यामुळे, आणि ते साऱ्या माळव्यात तसेच शिजत असल्यामुळे, त्यासाठी सिमरोलचा वेगळा उल्लेख करण्याची गरज कोणास भासलेली नाही. ही शांतता आयआयटी इंदूरने भंग केली. २००९ साली स्थापन झालेल्या आणि बाल्यावस्थेत मुंबईच्या आयआयटीचे बोट धरून चाललेल्या या संस्थेचा सुमारे ५०० एकरांचा कायमचा परिसर सिमरोलला उभा राहिला, तेव्हा आसाम, केरळ, गोवा, विदर्भ आणि पुणे अशा, परस्परांच्या फोडणीविषयी मनात संशय बाळगणाऱ्या प्रदेशांतील कुटुंबे सामाईक भिंतीच्या दोन बाजूंना येऊन राहिली. आणि डुकराचे मांस फळांसह स्लो कुकरमध्ये शिजवणे सिमरोलमध्ये शक्य आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून तात्त्विक न राहता व्यावहारिक झाला.

स्लो कुकर म्हणजे आत जाड भाजलेल्या मातीचे, काढता-घालता येणारे भांडे, बाहेर त्याला मंद ऊब देणारे विजेचे वेष्टन आणि वर बहुधा काचेचे झाकण अशी रचना असलेले उपकरण होय. मध्यम आकाराचा कुकर साधारण २०० वॅट वीज घेतो, म्हणजे आठ तास चालूनही त्याची मजल दीड-पावणेदोन युनिटांपलीकडे जात नाही, आणि हा मुद्दा मराठी कुटुंबात चवीच्या मुद्द्याआधी विचारला जातो. या उपकरणाची वंशावळ मोठी बोधप्रद आहे. शिकागोचे अभियंते अर्व्हिंग नॅक्सन यांनी १९४० साली ज्या भांड्याचे पेटंट मिळवले, त्यामागे त्यांच्या आईने सांगितलेली विल्ना येथील ज्यू घरांची रीत होती. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवणे निषिद्ध असल्याने आदल्या संध्याकाळीच 'चोलंत' नावाचा घेवडा-मांसाचा रस्सा बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवला जाई आणि दुसऱ्या दिवशी तो आपोआप शिजलेला मिळे. पुढे १९७१ साली एका अमेरिकन कंपनीने तेच भांडे 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणले आणि अमेरिकेने त्यात जे जे शिजवले त्यात डुकराचा खांदाही आला. ज्या भांड्याचे आजोळ डुक्कर खाणे वर्ज्य मानणाऱ्या धर्मात आहे, त्याच्या नशिबी हे यावे, यावर धर्मशास्त्रींनी काय म्हटले असते ते बाजूस ठेवले, तरी सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत भांड्यांना स्वतःचे मत नसते, एवढे यावरून सिद्ध होते.

मराठी वाचकाने या शोधाने दिपून जाण्याचे कारण नाही. बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास कोळशाच्या ऊबेवर डब्यांची चळत शिजवणारा 'इकमिक कुकर' काढलाच होता. आणि त्याच्याही कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या मातीच्या चुलीला शेजारी एक वैल असे, म्हणजे मुख्य चुलीतला जाळ व धग ज्या वाटेने बाजूला वळते ते दुय्यम तोंड, ज्यावर आमटी, दूध किंवा उसळ कोणाचे लक्ष नसताना निवांत शिजत राही. वैल हा मराठी स्लो कुकरच होता. फरक इतकाच की, वैलावर ठेवलेल्या भांड्याकडे कोणी बघत नसे, तर स्लो कुकरकडे सारे घर बघत बसते.

याचे कारण प्रेशर कुकर. गेल्या काही पिढ्यांत मराठी स्वयंपाकघराने मिनिट आणि तास ही परिमाणे जवळपास टाकून देऊन 'शिट्टी' हे एकक स्वीकारले: भाताला तीन, डाळीला चार, छोल्यांना सहा, आणि पाहुणे दारात असतील तर घरातील ज्येष्ठ स्त्री ठरवील तितक्या. स्लो कुकरला शिट्टी नाही. तो आवाज करीत नाही, वाफ सोडत नाही, हलत नाही, आणि पहिल्या दोन तासांत त्याला हात लावून पाहिले असता तो चालू आहे की नाही याविषयीही दुमत होऊ शकते. परिणामी दर वीस मिनिटांनी कोणीतरी झाकण उचलून डोकावतो, 'अजून काहीच नाही' असा निष्कर्ष जाहीर करतो आणि जाता जाता डाव घालून ढवळतो. प्रत्येक वेळी साठलेली वाफ उडून जाते, तापमान घसरते आणि ते परत मिळवायला मंद वेष्टनाला चांगलाच वेळ लागतो. अशा रीतीने आठ तासांचा पदार्थ अकरा तासांचा होतो, आणि मग कुकर निकृष्ट आहे असे ठरते. या उपकरणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वेष्टन नसून झाकण आहे, आणि मराठी माणसाचा खरा झगडा त्या झाकणाशी आहे.

आता प्रत्यक्ष वराहाकडे वळावयास हवे. मध्यप्रदेशाने या प्राण्याला जेवढा सन्मान दगडात दिला तेवढा ताटात दिलेला नाही. विदिशेजवळ उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्यात पृथ्वीला उचलून धरणारा विराट वराह आहे. सागर जिल्ह्यातील एरण येथे तर संपूर्ण प्राणिरूपातील प्रचंड वराहमूर्ती असून तिच्यावर हूण राजा तोरमाणाच्या कारकिर्दीतील लेख कोरलेला आहे. सिमरोलच्या आसपासच्या शेतात रानडुक्कर येते ते मका उकरण्यासाठी, पृथ्वी वर आणण्यासाठी नव्हे. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र त्याच्यावर असल्यामुळे शेतकरी त्याच्याकडे केवळ बघतो, आणि प्रस्तुत विवेचनातही त्याच्याकडे केवळ बघावयाचे आहे. भांड्यात जायचे ते पाळीव डुक्कर.

त्याला मराठी परिसरात पाककुल मुळीच नाही असे मानणे मात्र चूक ठरेल. आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे तेव्हाची कल्याणी, येथून राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात वराहमांस कसे भाजावे आणि त्याच्या ताडपत्रासारख्या पातळ पट्ट्या कशा कराव्यात याचे राजाला शोभेल इतके सविस्तर वर्णन आहे. वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत सणाला डुकराचा रस्सा होतो आणि 'ईस्ट इंडियन' म्हणवणाऱ्या मुंबईकर ख्रिस्ती समाजाचे 'इंदयाल' प्रसिद्धच आहे. गोव्यात विंदालू आहे, ज्याच्या पोर्तुगीज पूर्वजात द्राक्षाची दारू आणि लसूण होती, पण द्राक्षे मिळेनात तेव्हा माडीच्या व्हिनेगरवर भागवले गेले; आणि या विवेचनाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे म्हणजे 'सोलांतुलें मास' आहे, ज्यात चरबीदार मांस वाळवलेल्या कोकमांत, म्हणजे सोलांत, शिजवले जाते. कोकम हे फळ आहे. तेव्हा फळ घातलेले डुक्कर ही अमेरिकेतून आलेली फॅशन आहे असे सिमरोलमधील एखाद्या सासूबाई म्हणाल्या, तर त्यांना सावंतवाडीच्या खाली बोट दाखवता येते; त्यांचे समाधान होईल असे नव्हे.

उलट बाजूने पाहता, मांसात फळे घालण्याचे धाडस माळव्यालाही नवे नाही. सिमरोलपासून फार दूर नसलेल्या मांडू येथे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुलतान घियासशहा आणि त्याचा मुलगा नासिरशहा यांच्यासाठी 'निअमतनामा' नावाचे सचित्र पाकपुस्तक तयार झाले. हा सुलतान राज्यकारभार मुलाकडे सोपवून खाण्यापिण्याच्या संशोधनात रमला, असे इतिहासकार काहीशा नाराजीने सांगतात, जणू उरलेल्या सुलतानांनी राज्यकारभार करून फार दिवे लावले. त्या पुस्तकात मांसाबरोबर आंबट फळे, सुगंधी पाणी आणि मसाले यांचे असंख्य मेळ आहेत. डुक्कर अर्थातच नाही. तिसऱ्या दिशेला, सिमरोलच्या बाजूलाच असलेल्या महूमध्ये १८१८ च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांची छावणी बसली, आणि भाजलेल्या डुकराबरोबर सफरचंदाची चटणी घेण्याची सवय इंग्रज जेथे जाईल तेथे घेऊन जात असे. म्हणजे मांडूत फळ होते पण डुक्कर नव्हते, महूत दोन्ही होते पण भांडे भट्टीचे होते, आणि बाफले भाजण्यासाठी गोवऱ्यांची मंद आच गावोगाव होती पण तिच्यात कणकेखेरीज दुसरे काही टाकण्याची कल्पना कोणास सुचली नाही. तिन्ही गोष्टी एका दिवसाच्या घोडदौडीत असूनही पाच शतके एकमेकींना भेटल्या नाहीत. त्या भेटल्या त्या प्राध्यापकांच्या निवासात.

फळ कोणते घ्यावे याविषयी मतभेद आहेत. सफरचंद हा सुरक्षित पर्याय असून त्यातील मॅलिक आम्ल चरबीचा तुपकटपणा कापते, मात्र गोड जातीचे सफरचंद सहा तासांत आपले अस्तित्व पूर्णपणे विसर्जित करते. ताजा अननस मोहक दिसतो, पण त्यातील ब्रोमेलेन हे प्रथिने तोडणारे विकर मंद तापणाऱ्या भांड्यात बराच वेळ जिवंत राहते आणि मांसाचा पृष्ठभाग लगदा करून टाकते. डब्यातील अननस आधीच उकळलेला असल्याने निरुपद्रवी असतो. बुऱ्हाणपूरची केळी वर्ज्य. सीताफळ हे मांडूचे भूषण असले तरी शिजवलेले सीताफळ कडवटते, आणि त्याच्या बिया काढत बसण्यापेक्षा मनुष्याने शाकाहार पत्करावा. इंदूरकर ज्याला जाम म्हणतात तो पेरू चवीला उत्तम, पण त्याचेही बी दातांत. या सर्वांत शास्त्रीयदृष्ट्या उपेक्षित आणि प्रस्तुत मताने सर्वश्रेष्ठ फळ म्हणजे मांडूची खुरासानी इमली: मूळ आफ्रिकेतल्या गोरखचिंचेच्या अवाढव्य झाडाचे हे फळ मांडूच्या रस्त्यावर विकायला असते, त्याचा पांढरा कोरडा गर स्वच्छ आंबट असतो, आणि पाण्यात कोळून घातल्यास तो कोकमाचे काम माळव्याच्या हद्दीत राहून करतो. गोव्याहून सोले मागवणाऱ्यांना हे पटत नाही. पण गोवेकरांना गोव्याबाहेरचे काहीच पटत नाही.

कृती थोडक्यात अशी की, मांस खांद्याचे घ्यावे, कारण त्या भागात स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन भरपूर असते, आणि हे चिवट द्रव्य साधारण ७० अंशांपुढे तासन्‌तास राहिल्यासच जिलेटिनमध्ये, म्हणजे मऊ, ओठांना चिकटणाऱ्या पदार्थात, रूपांतरित होते. कमरेचे महागडे, कमी चरबीचे मांस याच काळात लाकूड होते. गोठवलेला गोळा तसाच कुकरमध्ये टाकू नये, कारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यानचा प्रदेश जिवाणूंना फार मानवतो आणि मंद भांडे त्यांना तेथे निवांत मुक्काम करू देते. पावसाळी वादळात सिमरोलची वीज दोन-तीन तास गेली, तर हळहळ न करता सारे फेकून द्यावे. डुकराच्या मांसातून पट्टकृमी होण्याची भीती मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि ती निराधार नाही, परंतु आठ तास पूर्ण तापलेल्या भांड्यात कृमीला काही भवितव्य उरत नाही. (राजमा मात्र स्लो कुकरमध्ये कच्चा टाकू नये; त्यातील विषारी द्रव्य नष्ट व्हायला आधी दहा मिनिटे खळखळून उकळावे लागते. ज्या घरात डुकराची भीती वाटते, तेथे राजम्याची कधीच वाटत नाही.)

परंतु पाकशास्त्राचे खरे क्षेत्र भांड्याबाहेर सुरू होते. प्रेशर कुकर आपला वास अर्ध्या तासात देऊन मोकळा होतो. स्लो कुकर तो आठ तास, हप्त्याहप्त्याने देतो, आणि ज्या इमारतीत वरच्या मजल्यावर जैन कुटुंब, खालच्या मजल्यावर खांडवीचे घर आणि समोर उपासाच्या काकू राहतात, तेथे ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या कक्षेत जाते. येथे फळांचे एक असे कार्य उघडकीस येते ज्याकडे युरोपीय ग्रंथकारांचे लक्ष गेलेले नाही. सफरचंद, दालचिनी, लवंग आणि थोडा गूळ यांचा मिश्र सुगंध पहिले तीन-चार तास इतका प्रबळ असतो की, जिन्यावरून जाणारा मनुष्य आत मुरंबा होत आहे असे समजून पुढे जातो. पाश्चात्त्य देशांत फळ चरबीचा जडपणा कमी करते. सिमरोलमध्ये ते शेजारधर्माचा जडपणा कमी करते. पाचव्या तासानंतर मांसाचा वास वरचढ होतो, म्हणून जाणकार गृहस्थ कुकर रात्री दहाला लावतात, म्हणजे मुरंब्याचा काळ लोक जागे असताना आणि उरलेला लोक झोपेत असताना पार पडतो. पहाटेच्या वेळी फिरायला निघणारे निवृत्त गृहस्थ ही या योजनेतील एकमेव त्रुटी होय.

पदार्थ ताटात आल्यावर इंदूरचा संस्कार उसळी घेतोच. ज्या शहरात पोह्यांबरोबर जिलबी खाल्ली जाते, तेथे गोड-आंबट मांसाचे कोणाला आश्चर्य वाटत नाही; प्रश्न एवढाच विचारला जातो की, त्यावर शेव कोणती घालायची. शुद्धतावाद्यांचा शेवेला विरोध आहे, परंतु वरून भुरभुरलेले जीरावण, म्हणजे पोह्यांवर आणि गराडू या तळलेल्या कंदावर पडणारा तो आंबट-तिखट इंदुरी मसाला, या मांसाला इतके शोभते की, त्याला विरोध करण्यासाठी तत्त्वाखेरीज दुसरे कारण सापडत नाही.

शेवटी भांड्याचा प्रश्न उरतो. एकदा हे मांस शिजल्यावर त्याच भांड्यात वरण लावणे बहुतेक मराठी घरांत अशक्य होते, मग ते कितीही वेळा घासलेले असो. त्यामुळे कुकरची रवानगी गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी होते आणि तेथेच त्याला स्वतंत्र डाव, स्वतंत्र घासणी व स्वतंत्र प्लग मिळतो. उरलेले मांस थंड झाल्यावर जिलेटिनमुळे थरथरत्या वडीसारखे घट्ट बसते आणि ते फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, झाकण घट्ट लावून ठेवावे लागते. अशा डब्यावर चिठ्ठी लावण्याची प्रथा असून तिच्यावर 'सफरचंद' एवढेच लिहिलेले असते, आणि प्रबंधाच्या शीर्षकात विषयाचा काही भाग गाळण्याची मुभा ज्या परिसरात सर्वांनाच आहे, तेथे या चिठ्ठीला कोणी असत्य म्हणत नाही.